नातेवाईक नसलेला प्रतिष्ठित गृहस्थ

कापडे, १० जानेवारी १९६५

आजपासून दैनंदिनी लिहायचे ठरवले आहे. मोठी माणसे लिहितात. मी अद्याप मोठा झालेलो नाही, परंतु आमच्या उतेकरांत बी.ए. झालेला मी पहिलाच, तेव्हा सुरुवात करून ठेवलेली बरी.

गेल्या जूनपासून नोकरीसाठी अकरा अर्ज केले. नऊ ठिकाणांहून उत्तरच नाही. एका कचेरीने अर्ज परत पाठवला, त्यावर निळ्या पेन्सिलीने ‘नक्की काय हवे आहे?’ एवढेच लिहिले होते. अकरावा अर्ज मी कुठे पाठवला ते आता आठवत नाही. भाषा मात्र अकराही अर्जांची उत्कृष्ट होती. एकेका अर्जाला मी तीन-तीन दिवस घालवले आहेत.

आज पोलादपूरच्या हॉटेलात कालचे वर्तमानपत्र चाळताना जाहिरात दिसली. कुलाबा जिल्हा परिषदेला कनिष्ठ लेखनिक हवे आहेत. अर्ज स्वहस्ताक्षरात, १५ फेब्रुवारीच्या आत. सोबत ‘अर्जदारास व्यक्तिशः ओळखणाऱ्या, परंतु अर्जदाराचे नातेवाईक नसलेल्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांचे चांगल्या वर्तणुकीचे दाखले’.

घरी येऊन आबांना सांगितले. ते वालाच्या शेतातून नुकतेच आले होते. पाय धूत म्हणाले, “कर. पन ह्ये शेवटचं. नाय जमलं तर चैतात मुंबईला चुलत्याकडं जा. गोदीत लावतो म्हनालाय तो.”

गोदीत पोती उचलतात. माझी छाती एकतीस इंच आहे, फुगवून साडेएकतीस.

१३ जानेवारी

तीन दिवस हिंडतो आहे. दाखला द्यायला कुणाची ना नाही. अडचण एवढीच, की सगळे नातेवाईक निघतात.

सरपंच माझे सख्खे चुलते. पोलीस पाटील आत्याचे यजमान. शाळेचे गुरुजी घाटावरचे, म्हणून मोठ्या आशेने गेलो, तर त्यांनी गेल्याच मार्गशीर्षात आमच्या मावशीच्या नणंदेची मुलगी केली. पोलादपूरला दवाखान्यात नवे कंपाउंडर आले आहेत असे कळले. त्यांना मी जन्मात पाहिले नव्हते, त्यामुळे मन प्रसन्न झाले. (व्यक्तिशः ओळख तासाभरात करून घेता आली असती.) मी नाव सांगताच त्यांनी मिठीच मारली. “हैबतीचा पोर तू? अरे, मी तुझा मामा लागतो!” कसा लागतो ते त्यांनी पाऊण तास समजावून सांगितले. मला पटले नाही, पण तोवर चहा आला होता.

आमच्या खोऱ्यात माणसाला परके राहता येत नाही.

१७ जानेवारी

महाडला गेलो. माझा शाळासोबती मुश्ताक तिथे गनीशेठच्या ट्रक-बुकिंगच्या कचेरीत टंकलेखन करतो. बाजारपेठेतले ते पहिले मराठी यंत्र. त्याला अडचण सांगितली.

“अरे, मग आमचे शेठ काय वाईट आहेत?” मुश्ताक म्हणाला. “ते तुझे नातेवाईक निघाले, तर मी ट्रकखाली जीव देईन.”

गनीशेठ मला ओळखतात. मुंबईला कॉलेजात असताना चार वर्षे मी त्यांच्याच ट्रकमधून जात-येत असे. भाडे घेत नसत, बदल्यात मी वाटेत ड्रायव्हरच्या बिल्ट्या लिहून देई, कुठल्या गावी कोणता माल उतरवायचा त्याचे कागद. बी.ए. झाल्यापासून ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

शेठनी तक्क्याला टेकून डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. मुश्ताकने खाली मान घालून टंकले. दाखला असा :

‘दाखला देण्यात येतो की, महिपती हैबती उतेकर, राहणार कापडे, हा इसम आम्ही समक्ष पाहिला असून चोख आहे. बांधणी मजबूत. कोठेही फूटतूट नाही. चार वर्षे आमच्या गाडीने गेला-आला, प्रत्येक वेळी ठरल्या ठिकाणी वेळेवर पोचला. पुढेही नमुन्याप्रमाणेच निघेल अशी खात्री वाटते. ऊन-पावसाने खराब झाल्यास आमची जबाबदारी नाही.’

मी अदबीने म्हणालो, “शेठ, ‘फूटतूट’ काढता येईल का?”

शेठनी डोळे उघडले. “का? हाय का कुठं?”

“नाही.”

“मग राहू दे.”

२० जानेवारी

दुसरा गृहस्थ मिळत नाही. आज जेवताना मी तसे म्हणालो, तेव्हा आबा आणि आय एकमेकांकडे बघू लागले.

मग आबा म्हणाले, “कुडपनला मालोजी सुभेदार हायती. शेलार. पलटनीतनं पेन्शनीत आलेत. सगळा डोंगर त्यांना मानतो.”

“ते आपले कुणी लागत नाहीत?”

“नाय लागत,” आबा म्हणाले. “अजून.”

‘अजून’ का म्हणाले कळले नाही. आबांचे व्याकरण कच्चे आहे.

आय मात्र भलतीच उत्साहात आहे. माझा पांढरा सदरा तिने दोनदा धुतला. दाखला मागायला जाताना नारळ आणि चोळीचा खण न्यायचा असतो, असे ती म्हणते. हे मला नवीनच. पण पूर्वीच्या लोकांना सरकारी कामाच्या पद्धती जास्त ठाऊक असतील.

२३ जानेवारी

कुडपणला जाऊन आलो. पाय मोडून आले आहेत, परंतु सविस्तर लिहिले पाहिजे.

पहाटे निघालो, उन्हे चढता चढता पठारावर पोचलो. सुभेदारांचे घर शोधावे लागले नाही. मी येणार हे सगळ्या गावाला माहीत होते. विहिरीवरच्या बायका घागरी खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या. एक म्हातारी तर जवळ येऊन माझ्या भोवती फिरून गेली. बी.ए. माणसाविषयी लोकांना अजून इतके कुतूहल आहे हे पाहून समाधान वाटले.

सुभेदार उंच, मिशा पांढऱ्या, डोळ्यांना कमी दिसते. ओटीवर आणखी चौघे वडीलधारे बसले होते. मी नमस्कार करून म्हणालो, “सुभेदारसाहेब, मी आपल्याकडे चारित्र्याच्या दाखल्यासाठी आलो आहे.”

“चारित्र्य तर आदी बघायलाच पायजे, पाव्हने,” सुभेदार म्हणाले, आणि चौघांनीही माना डोलावल्या.

यानंतर माझी जी तपासणी झाली, तशी देशाच्या सेनापतीचीही होत नसेल. मला अंगणात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावले. दात दाखवायला सांगितले. रात्री दिसते का, झोपेत बडबडतो का, विडी, तपकीर, पत्ते, हे सगळे झाले. मग शेत किती, पाणी कुठून, भाऊ किती, घरात चूल एक की दोन. कनिष्ठ लेखनिकाच्या वर्तणुकीशी चुलींचा संबंध काय, ते मला समजेना. पण लष्करी माणूस, मुळापासून चौकशी करणार, असे मनाशी म्हणून मी सर्व उत्तरे दिली. दाराआडून सुभेदारांच्या पत्नी राहीबाईंचा आवाज आला, “तिखट खातात का, इचारा.” मी मोठ्याने ‘खातो’ म्हणालो.

शेवटी सुभेदार म्हणाले, “आनि ह्ये हातात काय हाय?”

मी म्हणालो, “अर्ज. सोबत दाखवायला आणला.”

“तुळसा!” सुभेदारांनी हाक मारली. “बाहेर ये. अर्ज वाच.”

मुलगी बाहेर आली. ही सुभेदारांची थोरली. त्यांच्याबरोबर बेळगावच्या छावणीत राहून नववीपर्यंत शिकलेली. वडिलांना आता दिसत नाही, म्हणून त्यांची पत्रे तीच वाचते, उत्तरेही तीच लिहिते. तिने अर्ज घेतला आणि सगळ्यांपुढे खड्या आवाजात वाचायला लागली :

‘महामहिम साहेबांच्या चरणकमली, अत्यंत नम्र अर्जदाराची नम्र विनंती ऐसी की, हा नम्र अर्जदार बालपणापासून सद्गुणांचा चाहता असून, हुजुरांच्या कृपादृष्टीच्या शीतल छायेत या क्षुद्र रोपट्याचा वटवृक्ष व्हावा…’

सुभेदारांनी तिला थांबवले. “ह्यो नोकरी मागतोय का आरती म्हनतोय?”

ओटीवर हशा पिकला. मुलगी हसली नाही. तिने अर्ज उलटून मागे पाहिले, परत पुढे पाहिले आणि मला विचारले, “यात तुमी काय केलंत ते कुठं हाय?”

“म्हणजे?”

“नम्र हाय हे सात वेळा लिवलंय. काम काय केलंत?”

“काम कुठे केले आहे? म्हणून तर अर्ज करतो आहे!”

“बसून व्हतात?”

मला राग आला. मी म्हणालो, बसून कशाला? दिवाळीनंतर आमच्या गावाने श्रमदानाने ओढ्यावर बंधारा बांधला, त्याचा हजेरीपट मी ठेवला. बावन्न माणसे, सदतीस दिवस, एकाही दिवशी भांडण झाले नाही. आणि रागाच्या भरात गनीशेठच्या बिल्ट्यांचेही सांगून बसलो.

“मग त्ये लिवा की,” असे म्हणून तिने अर्ज माझ्या हातात दिला आणि आत गेली.

नऊ यत्ता! आणि मी बी.ए.!

सुभेदारांनी दाखला दिला नाही. म्हणाले, “आठ दिवसांनी आमी घर बघाया येतो. मग काय त्ये ठरवू.”

इतक्या कडक माणसाचा दाखला मिळाला, तर जिल्हा परिषद काय, दिल्लीतही चालेल.

२५ जानेवारी

अर्जात ‘नम्र’ सात वेळा नव्हते. नऊ वेळा होते. आज मोजले.

२६ जानेवारी

अर्ज नव्याने लिहिला. केवळ त्या मुलीला दाखवून द्यायचे म्हणून, हजेरीपट आणि बिल्ट्या घालून बघितल्या. शीतल छाया काढताना वाईट वाटले, त्या वाक्यावर मी दोन दिवस खर्चले होते. आता अर्ज एक पान भरतो. उघडावाघडा दिसतो, पण काय म्हणायचे आहे ते कळते, हे मान्य केले पाहिजे.

३१ जानेवारी

सुभेदार पाच माणसे घेऊन चौकशीला आले. राहीबाईंची बहीणही होती.

मी पदवीचे प्रमाणपत्र, शाळेची प्रगतिपुस्तके, वक्तृत्वाचे बक्षीस, सगळे ओटीवर मांडून ठेवले होते. कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. त्यांनी गोठा पाहिला, भाताची कणगी ठोकून पाहिली. राहीबाईंच्या बहिणीने आमची घागर उचलली, विहिरीपर्यंत गेली, पाणी भरून आली आणि म्हणाली, “शंभर पावलं. चालंल.”

आयने कोंबडी कापली होती, वालाचे बिरडे, तांदळाच्या भाकऱ्या. आबा आणि सुभेदार मांडीला मांडी लावून असे जेवले, जणू जन्माची ओळख. निष्पक्षपातीपणाच्या दृष्टीने मला हे थोडे खटकले.

जाताना मी धीर करून नवा अर्ज सुभेदारांच्या हाती दिला. म्हणालो, “दाखल्याआधी नजरेखालून घालावा.” त्यांनी तो खिशात घातला. “माझ्या नजरेचं काय घेऊन बसलात,” असे म्हणाले, आणि का कोण जाणे, हसले.

५ फेब्रुवारी

दाखला आला! कुडपणचा माणूस पोलादपूरला मीठ-मिरची न्यायला आला होता, त्याने आणून दिला. अक्षर तुळसाचे, खाली सुभेदारांची सही आणि पलटणीचे नाव. अर्जही परत आला आहे. त्यात फक्त एका ऱ्हस्व उकाराचा दीर्घ केलेला. मी शब्दकोशात पाहिले. तिचेच बरोबर.

दाखला उतरवून ठेवतो :

‘श्री. महिपती हैबती उतेकर यांस मी एकदा माझ्या घरी व एकदा त्यांच्या घरी पाहिले आहे. चूक दाखवली की त्यांना राग येतो, पण चार दिवसांत ती दुरुस्त करतात. बढाई मारता येत नाही. मारायला गेले तर लगेच उघडी पडते. घरातली माणसे त्यांना भीत नाहीत. त्यांच्या हाती कागद दिला किंवा माणूस दिले, तरी नीट सांभाळतील असे वाटते.’

पहिल्या वाचनात थोडे कडवट वाटले. दहा-बारा वेळा वाचल्यावर चांगले वाटू लागले. ‘माणूस’ हा शब्द कचेरीच्या दृष्टीने अनावश्यक आहे, पण असू दे.

७ फेब्रुवारी



दाखल्यांच्या नकला करून घ्यायला महाडला गेलो. मुश्ताक दुसरा दाखला टंकत होता, ‘माणूस’पर्यंत आला आणि थांबला. मला म्हणाला, “हा दाखला मिळवायला काय काय केलंस, सांग बघू.”

मी सांगितले. नारळ, खण, दात, चूल, तिखट, घागर.

त्याने डोके यंत्रावर ठेवले. पाठ गदागदा हलत होती. मला वाटले त्याला काही होते आहे, म्हणून मी पाणी आणायला उठलो.

“बस, बस,” तो डोळे पुसत म्हणाला. “अरे येड्या, तू मुलगी बघायला गेला होतास!”

“मी दाखला आणायला गेलो होतो.”

“तू दाखला आणायला गेलास. बाकी अख्खा डोंगर लग्न ठरवत होता.”

आतून गनीशेठचा आवाज आला, “काय झालं रे?”

“काय नाय, शेठ,” मुश्ताक म्हणाला. “माल पसंत पडला.”

८ फेब्रुवारी

आबांना विचारले. म्हणाले, “तुला लग्नाचं बोललं की तू ‘आदी नोकरी’ म्हनतोस. म्हटलं दोन्ही कामं एका खेपेत होतील.” आय म्हणाली, पोरगी लाखात एक आहे, तिने पोराला पसंत केले हेच खूप.

माझी फसवणूक झाली आहे. संतापच आला पाहिजे, आणि येतोही, पण मग ती अंगणात अर्ज उलटून मागे बघते, तेच आठवते. मागे काही नव्हते. कोरे होते.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी भलतीच गोष्ट ध्यानात आली. ‘अर्जदाराचे नातेवाईक नसलेल्या.’ सुभेदार जर माझे सासरे होणार, तर दाखला रद्द! आणि सासरे होऊ नयेत, तर… तेही मला नको आहे. हे आज प्रथमच लिहितो आहे.

आबा म्हणतात, “आज तारखेला सोयरा नाय ना? मग गप टाक.” त्यांचे कायद्याने बरोबर असेल. परंतु अर्जात पहिल्यांदाच सगळे खरे लिहिले आहे, त्यात हे एक लपवावे असे वाटत नाही. पदरी दुसरा दाखला नाही आणि दिवस उरले सहा.

१० फेब्रुवारी

पुन्हा कुडपण. दाखला परत करायचा, असे ठरवून गेलो.

सुभेदार ओटीवर एकटेच होते. मी म्हणालो, “साहेब, आपला दाखला मला वापरता येणार नाही.”

ते उठून उभे राहिले. सगळी पलटण उभी राहिल्यासारखे वाटले. “नीट बोला. दाखला नको का पोरगी नको?”

“दाखला,” मी म्हणालो. “म्हणजे… पोरगी हवी आहे म्हणून दाखला नको.”

बोलून गेल्यावर लक्षात आले, की आत भांड्यांचा आवाज थांबला आहे. मी जाहिरातीतली अट वाचून दाखवली. सुभेदारांनी ती तीनदा वाचायला लावली. आम्ही दोघे बराच वेळ चिंतेत बसलो. ते म्हणाले, “हुकूम म्हंजे हुकूम. सुपारी आमी चौदा तारखेला फोडनार व्हतो. आता सोळाला फोडू. मुदत पंधराची हाय.” तरी माझे समाधान होईना.

शेवटी तुळसाच दारात आली. वडिलांकडे बघत, पण मला म्हणाली, “हाय तसं लिवून टाका. दाखला दिला तवा नातं नव्हतं, आता जुळतंय. घ्यायचा का नाय त्ये सायेब ठरवतील. तुमी कशाला त्यांचं काम करता?”

इतके सोपे होते.

निघताना ती परसाच्या दगडी गडग्यापाशी कोथिंबीर तोडत होती. मी थांबलो. काही बोलायला हवे म्हणून म्हणालो, “मला खरोखर माहीत नव्हते.”

“मला ठाऊक व्हतं, तुमाला ठाऊक नाय त्ये. पयल्याच दिवशी.”

“ते कसे?”

“बघाया आलेला मानूस पोरीकडं बघतो. तुमी अर्जाकडं बघत व्हतात.”

“मग तू… तुम्ही सांगितले का नाही?”

तिने जुडी बांधली. “आदी तिघं बघून गेले. त्यांनी काय सुदीक ऐकून घेतलं नाय. तुमी रागावलात, पन ऐकलंत.”

उतारावर दोनदा पडलो. लागले नाही.

१२ फेब्रुवारी

पोलादपूरच्या पोस्टातून अर्ज रजिस्टर केला. एक पान. शेवटी लिहिले : ‘दुसरा दाखला देणारे सुभेदार मालोजी शेलार हे दाखल्याच्या तारखेस माझे नातेवाईक नव्हते. परंतु त्यांच्या मुलीशी माझा विवाह ठरत आहे. दाखला ग्राह्य धरावा किंवा कसे, हे आपण ठरवावे.’

पोस्टमास्तरांनी पावती देताना विचारले, “सुपारी कधी?” त्यांना कुणी सांगितले कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

सुपारी फुटली. सुभेदारांनी आधी सर्वांसमक्ष तारीख विचारून घेतली.

२३ मार्च

काल अलिबागला मुलाखत झाली. घरी येऊन नीट झोपही लागली नाही, कारण बहुधा सगळे बिघडले आहे.

बाहेर बाकावर चाळीसजण होते. शेजारच्याने मला त्याचा अर्ज दाखवला. फार सुंदर भाषा होती. त्यात सूर्य, चंद्र आणि सागर आले होते.

आत तिघे साहेब. मधल्या चष्मेवाल्यांनी गनीशेठचा दाखला हातात घेतला आणि उजव्या हाताच्या साहेबांना वाचून दाखवला. ‘ऊन-पावसाने खराब झाल्यास’ येथे ते स्वतःच थांबले आणि चष्मा पुसू लागले. मग दुसरा दाखला. मग माझे शेवटचे वाक्य. मी खाली बघत होतो.

“सुपारी झाली का?” त्यांनी विचारले.

“झाली, साहेब. सोळा फेब्रुवारीला. सासऱ्यांनी मुदत संपेपर्यंत थांबवली होती.”

तिघेही हसले. इतके, की शिपाई दार उघडून डोकावला. मी मनात गोदीची पोती मोजू लागलो.

मग चष्मेवाले एकदम गंभीर झाले. म्हणाले, “हजेरीपट ठेवलात म्हणता. एखादा स्वतः आला नाही, आणि भावाला पाठवले. हजेरी कुणाची मांडलीत?”

“भावाची, साहेब. जो आला त्याची.”

“न आलेला भांडला नाही?”

“भांडायला आला होता. मी त्याच्या बायकोला पट दाखवला. दुसऱ्या दिवसापासून तो येऊ लागला.”

कुणी हसले नाही. डाव्या हाताच्या साहेबांनी काहीतरी लिहून घेतले. काय ते दिसले नाही. ‘जा’ म्हणाले.

पुस्तकातले एकही विचारले नाही. तिसऱ्या वर्गाचे बी.ए. बघूनच सोडून दिले असणार.

११ एप्रिल

काही बातमी नाही. मुंबईहून चुलत्यांचे पत्र आले. गोदीत जागा आहे, लगेच ये म्हणतात. आय पत्र चुलीत घालते म्हणाली. आबांनी ते फळीवर ठेवले.

सुभेदारांना निरोप पाठवला, की नोकरीचे काही खरे दिसत नाही, आपण पुन्हा विचार करावा. उलटा निरोप आला : ‘लग्न १० मे. विचार झालेला आहे.’

२४ एप्रिल

मिळाली! मिळाली! महाडच्या पंचायत समितीत कनिष्ठ लेखनिक!

पोस्टमन वाटेतच ओरडत आला, त्यामुळे मला कळायच्या आत गावाला कळले. आबांनी कागद हातात घेतला. वाचता येत नाही त्यांना. उलटासुलटा करून पाहिला, मग डोळ्यांना लावला आणि म्हणाले, “मोहर निळी हाय.” एवढेच. मग गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी कागद नीट वाचला. ‘१० मे रोजी सकाळी साडेदहा वाजता हजर व्हावे, अन्यथा नेमणूक रद्द समजण्यात येईल.’

१० मे!

२७ एप्रिल

लग्नाची तारीख हलवता येईल का, म्हणून आबा कुडपणला जाऊन आले. सुभेदार म्हणाले, तारीख म्हंजे तारीख, पलटणीत असे चालत नाही. राहीबाईंनी तांदूळ दळायला काढले आहेत, तेही हलत नाहीत.

म्हणजे कचेरीकडेच मुदत मागावी लागणार. नोकरी लागण्याआधीच सवलत मागायची! मी अर्ज लिहायला बसलो. आधी विवाहसंस्थेचे महत्त्व, मग घरातली परिस्थिती, मग सुभेदारांचा स्वभाव. तीन पाने झाली. फाडली. पुन्हा लिहिली, चार झाली.

१ मे

अर्ज अजून होत नाही. दिवस उरले नऊ.

२ मे

आज कुडपणचा माणूस एक बंद पाकीट देऊन गेला. वर माझे नाव, तुळसाच्या अक्षरात. आजवर तिने मला पत्र असे लिहिलेले नाही. लग्नाआधी लिहीत नाहीत.

आय स्वयंपाकघरातून बघत होती, म्हणून मी अर्जाचे कागद, टाक, पाटी, ही वही आणि पाकीट घेऊन ओढ्याकडे गेलो. बंधाऱ्यावर बसलो. हात पुसले. पाकीट उघडायलाच बराच वेळ गेला.

आत एक कागद. त्यावर असे :

‘मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, महाड, यांस :
नेमणुकीचा आदेश मिळाला. १० मे रोजी माझे लग्न आहे. १४ मे रोजी सकाळी साडेदहाला कामावर हजर होतो. तेवढी मुदत मिळावी.
महिपती हैबती उतेकर’

आणि खाली, बारीक अक्षरात :

‘अर्ज तुमच्या नावाने जायचा म्हणून माझे लग्न असे लिहिले आहे. खरे म्हणजे आमचे लिहायला पाहिजे.’

मी तो तिथेच, गुडघ्यावर पाटी धरून, स्वच्छ उतरवून काढला. ‘आमचे लग्न’ असेच लिहिले. कचेरीत चालते की नाही, ते साहेब ठरवतील. टपाल निघायच्या आत पोलादपूर गाठायचे म्हणून धावतच निघालो आहे, बाकीचे उद्या लिहीन.